खेळायला नाही, शिकायला पाठवतो!

जालना एमआयडीसीच्या आसपासच्या एखाद्या बालवाडीच्या पालकसभेला जाऊन बसा. गणवेश, डबा, सुट्ट्या हे विषय पाच मिनिटांत उरकतात आणि मग मागच्या रांगेतून कुणीतरी बोलतंच, "मॅडम, लेकरू नुसतं खेळून येतंय. लिहायला कधी शिकवणार?" माना डोलतात. मॅडम ओशाळतात. पुढच्या आठवड्यात मण्यांची टोपली कपाटावर जाते, दुरेघी वही बाहेर येते आणि साडेतीन वर्षांची पोरं 'अ'च्या ठिपक्यांवरून पेन्सिल ओढू लागतात. वहीची पानं भरतात, पानांवर लाल बरोबरच्या खुणा होतात, पालक समाधानाने फी भरतात.

"खेळायला नाही, शिकायला पाठवतो" हे वाक्य आपल्याकडे इतकं सर्वमान्य झालंय की त्याला उलट प्रश्न कुणी विचारत नाही. मला विचारायचा आहे. माझं म्हणणं असं, की तीन ते सहा वर्षांच्या मुलांनी चार-पाच जणांच्या गटात, हातात खरी वस्तू घेऊन केलेला उद्योग हाच त्या वयाचा अभ्यास आहे. आणि कामगार वस्तीतल्या मुलाला त्याची गरज बंगल्यातल्या मुलापेक्षा जास्त आहे. समोरच्या बाजूचे मुद्दे एकेक करून घेतो. त्यातले काही फुसके आहेत, काही खरोखर वजनदार आहेत. वजनदार मुद्दे टाळून वाद जिंकण्यात मला रस नाही.

सगळ्यात जास्त ऐकू येणारा मुद्दा हा : खेळ तर घरी होतोच, शाळेत कशाला? हे म्हणणाऱ्याने एमआयडीसीतलं घर नीट आठवावं. इथे भंगार वितळवून सळई करणाऱ्या भट्ट्या आणि रोलिंग मिल आहेत. पाळ्या चोवीस तास चालतात. दहा बाय बाराची खोली, तीच झोपायची, तीच स्वयंपाकाची. बाप रात्रपाळी करून सकाळी येऊन झोपलेला असतो. त्याची झोप मोडली तर भट्टीसमोर उभं राहताना जिवावर बेतू शकतं, म्हणून आई दिवसभर पोराला "गप, पप्पा झोपलेत" म्हणत दाबून ठेवते. बाहेर पाठवावं तर दारासमोरून भंगाराचे आणि सळईचे ट्रक जातात. बिहार-उत्तर प्रदेशातून आलेल्या कुटुंबांत आजी-आजोबा गावाकडेच राहिलेले असतात. मांडीवर घेऊन गोष्ट सांगणारं माणूस घरात नसतं. मग मुलाच्या हातात मोबाईल येतो आणि ते गप्प बसतं. गावच्या वाड्यात, शेताच्या बांधावर जो खेळ आपोआप होत होता, तो इथे होत नाही. तो कुठेतरी मुद्दाम घडवून आणावा लागेल, आणि ती जागा बालवाडीच आहे. घरी खेळ होतो म्हणून शाळेत नको, हा युक्तिवाद वाडा आणि अंगण असलेल्या माणसाने केला तर एक वेळ समजू शकतो. खोलीत राहणाऱ्याच्या मुलाला तो लावणं हा अन्याय आहे.

यावर लगेच दुसरा मुद्दा येतो आणि तो जास्त बोचरा आहे. हे सगळे श्रीमंतांचे चोचले आहेत. गरिबाच्या पोराला चार अक्षरं आणि थोडं इंग्रजी आलं पाहिजे, म्हणजे ते निदान बापासारखं भट्टीवर जाणार नाही. या बोलण्यामागची कळ खरी आहे. पण त्यातला इतिहास साफ उलटा आहे. मारिया मॉन्टेसरीचं पहिलं 'बालगृह' 6 जानेवारी 1907 रोजी उघडलं, ते रोममधल्या सॅन लोरेन्झो या कामगार वस्तीत. आईबाप कामावर गेले की मागे राहिलेली लहान मुलं नव्याने दुरुस्त केलेल्या इमारतींच्या भिंती आणि जिने खराब करतात, अशी त्या इमारतींच्या मालक कंपनीची तक्रार होती. दुरुस्तीचा खर्च वाचावा म्हणून कंपनीने खोली दिली आणि मुलं सांभाळायला मॉन्टेसरींना बोलावलं. आज ज्या नावाखाली वर्षाला लाखभर फी घेतली जाते, ती पद्धत मजुरांच्या, कुणी न विचारलेल्या मुलांमध्ये उभी राहिली. श्रीमंतांनी ती नंतर उचलली.

महाराष्ट्रातली गोष्ट तर आणखी जवळची. ताराबाई मोडक बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांसोबत भावनगरला काम करून मुंबईत आल्या, दादरला शिशुविहार चालवलं आणि मग 1945 मध्ये हे सगळं घेऊन तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ तिथे त्यांना येऊन मिळाल्या. वस्तीतली मुलं बालवाडीत येत नाहीत असं दिसल्यावर ताराबाईंनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' इथून आली. महागडी लाकडी साधनं परवडणारी नव्हती, तर शिंपले, बिया, पानं, काड्या, खडे यांचीच साधनं झाली. 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांबरोबर हेच काम पुढे गेलं. पुढे 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली तेव्हा तिच्या केंद्राला हेच नाव मिळालं. म्हणजे हाताने करून शिकणं ही गरिबांसाठी गरिबांच्या दारात घडवलेली गोष्ट आहे. तिला चोचले म्हणणं म्हणजे गरिबाच्या हक्काची वस्तू त्याच्याच नजरेतून उतरवणं.

तिसरा मुद्दा : आत्ता लिहिलं नाही तर पहिलीत मागे पडेल. इथे जरा मुलाच्या हाताकडे बघू. माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. तिसऱ्या वर्षी क्ष-किरणात त्यातली जेमतेम दोन-तीन दिसतात, बाकीची अजून कूर्चाच असते. बहुतेक हाडं सहाव्या-सातव्या वर्षापर्यंत घडत जातात. बोटांचे बारीक स्नायूही तोवर तयार होत असतात. अशा हाताला तासभर पेन्सिल धरायला लावली की मूल ती मुठीत आवळतं, खांद्यापासून जोर लावतं, दमतं आणि चिडतं. हाच हात कणीक मळताना, मोसंबी सोलताना, दोऱ्यात मणी ओवताना, कपडे वाळत घालायचा चिमटा दाबताना नेमका तोच व्यायाम करतो जो पुढे अक्षर वळवायला लागतो. लेखनाची तयारी वहीबाहेर होते, वहीत फक्त तिचा निकाल लागतो.

आणि लवकर लिहायला लावण्याला विरोध हे काही आजचं खूळ नाही. 1993 मध्ये प्राध्यापक यशपाल यांच्या समितीने शाळेच्या ओझ्यावरचा अहवाल केंद्र सरकारला दिला. कोवळ्या मुलांवर वाचन, लेखन आणि अंकांचा मारा करणं ही त्यांच्यावरची हिंसाच आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. बालवाडीच्या प्रवेशासाठी परीक्षा आणि मुलाखती बंद करा, असंही. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानला आणि तो खेळातून, करून बघण्यातून व्हावा असं सांगितलं. ऑक्टोबर 2022 मध्ये त्याचा अभ्यासक्रम आराखडा आला, 2023 मध्ये खेळणी, कोडी, बाहुल्यांचा 'जादुई पिटारा' आला. आपल्या राज्यातल्या अंगणवाड्यांसाठी 'आकार' हा अभ्यासक्रम तयार झाला, तोही याच वाटेचा. कागद सगळे एका बाजूला आहेत. दुसऱ्या बाजूला आहे ती फक्त पालकसभेतली मागची रांग आणि तिला घाबरणारे संस्थाचालक.

"पण गटात नेमकं शिकतात काय?" हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याचं उत्तर मोघम देऊन चालणार नाही. 'सर्वांगीण विकास' असले शब्द वापरून आपणच आपली बाजू पातळ केली आहे. म्हणून एक प्रसंग जवळून बघू. जालन्यात मोसंबीला तोटा नाही. चार-पाच वर्षांची चार मुलं सतरंजीवर बसवा, मध्ये परात ठेवा, एक मोसंबी द्या. सोलायच्या आधी विचारा : आत किती फोडी असतील? एक म्हणतो पाच, एक म्हणते शंभर. सोलताना साल तुटते, बोटं चिकट होतात, वास सुटतो. एकाला साल निघत नाही, शेजारचा नख लावून सुरुवात करून देतो. फोडी सुट्या करून परातीत मांडतात आणि मोजतात. एक मूल मोजताना एकच फोड दोनदा मोजतं, दुसरी त्याचा हात धरते आणि मोजलेल्या फोडी बाजूला सारायला लावते. एकास एक संगती ती हीच. फोडी निघतात अकरा. आता वाटा. एकेक, पुन्हा एकेक. प्रत्येकाला दोन मिळतात आणि तीन उरतात. चौघे आणि तीन फोडी. इथे बाईंनी तोंड बंद ठेवायचं. भांडण होतं. कुणी म्हणतं, सोललं मी, मला जास्त. कुणी म्हणतं, बाईंना देऊन टाका. कुणी फोड अर्धी करून बघतं आणि रस सांडतो. शेवटी काहीतरी तोडगा निघतो. नसेलच निघत, तर तीन फोडी परातीत राहतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नवी मोसंबी येते. तिच्यात फोडी दहा निघाल्या की कालचं 'मोसंबीत अकरा असतात' हे अनुमान मोडतं.

वीस मिनिटांचा हा उद्योग. त्यात अंदाज आहे, मोजणी आहे, समान वाटणी आहे, बाकी उरणं आहे, पुरावा बघून मत बदलणं आहे आणि चार माणसांनी एका वस्तूवरून मारामारी न करता मार्ग काढणं आहे. ठिपक्यांवरून 11 गिरवणाऱ्या वहीत यातलं काय आहे, हे कुणीतरी मला दाखवावं.

आता गटाबद्दल. एकेकट्या मुलालाही मोसंबी देता आली असती. पण मग दोनदा मोजलेली फोड कुणी पकडली असती? या वयात चूक मोठ्या माणसाने दाखवली की मूल ओशाळतं. शेजारच्याने दाखवली की वाद घालतं, आणि वाद घालताना विचार करतं. एमआयडीसीच्या बालवाडीत त्याहून मोठं कारण आहे. एका सतरंजीवर मराठी बोलणारी मुलगी, घरी भोजपुरी बोलणारा मुलगा, दखनी बोलणारं तिसरं आणि लमाणी तांड्यावरून आलेलं चौथं असू शकतं. फळ्याकडे तोंड करून रांगेत बसवलेल्या वर्गात यांच्यात एकही वाक्य होत नाही; सगळे मिळून बाईंच्या मागे कविता म्हणतात, अर्थ कुणालाच लागत नाही. परातीभोवती मात्र "मला दे", "हमको भी", "अरे थांब, ते माझंय" हे सगळं होतं. भाषा गरजेतून येते. ज्याला फोड हवी आहे तो मागायला शिकतो. परप्रांतीय मुलांना मराठी येत नाही अशी तक्रार करणाऱ्यांनी त्यांना मराठी बोलायची गरज पडेल असा वर्ग एकदा तरी चालवून बघावा.

असाच एक दुसरा उद्योग, खास इथल्या मुलांसाठी. दोरीला बांधलेला एक मोठा चुंबक आणि ताटलीत किल्ली, पत्र्याचं झाकण, पितळी वाटी, अ‍ॅल्युमिनियमचं भांडं, लाकडी ठोकळा आणि दोन स्टीलचे चमचे. गटाने आधी दोन ढीग करायचे : चिकटणारे, न चिकटणारे. मग तपासायचं. मुलांची पहिली अटकळ असते की जे चमकतं ते चिकटतं. पितळी वाटी ती मोडते. मग त्यांना वाटतं, स्टील चिकटतं. त्यात एक चमचा चिकटतो, दुसरा चिकटत नाही, कारण स्टीलचे प्रकार वेगळे असतात. हे कारण पाच वर्षांच्या मुलाला कळायची गरज नाही. आपण ठरवलेलं खरं निघेलच असं नाही, एवढं कळलं तरी पुरे. आणि ज्याचे वडील भंगार यार्डात क्रेनच्या चुंबकाने लोखंड उचललेलं रोज बघतात, त्या मुलाला त्या दिवशी वर्गात सांगण्यासारखं काहीतरी असतं. एरवी शाळेत त्याच्या बापाच्या कामाचं नावही निघत नाही.

लगेच हरकत येईल : लहान मुलांच्या हातात असल्या वस्तू धोक्याच्या. बरोबर आहे, आणि ही हरकत मी उडवून लावणार नाही. बटणाएवढे छोटे चुंबक कदापि नकोत. दोन गिळले गेले तर आतड्यात एकमेकांना ओढून भोक पाडतात. कारखान्यातलं भंगार वर्गात आणायचं नाही. त्याला धार असते, कशाचं काय लागलेलं असेल सांगता येत नाही. तीन वर्षांच्या मुलांना हरभरा-शेंगदाण्याएवढे दाणे द्यायचे नाहीत. ते नाकाकानात जातात, घशात अडकतात. त्यांना बाटल्यांची मोठी झाकणं, आंब्याच्या वाळलेल्या कोयी द्या. आणि जालन्यापुरती एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. हे बियाण्यांचं गाव आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये इथे महिको ही बियाण्यांची कंपनी सुरू केली, तेव्हापासून बियाणं हा इथला मोठा धंदा आहे. त्यामुळे घरोघरी उरलेल्या बियाण्याच्या पिशव्या सापडतात आणि धान्य निवडण्याच्या खेळाला त्या वापरायचा मोह होतो. पेरणीचं लाल-गुलाबी रंगाचं बियाणं औषध लावलेलं असतं, ते विषारी असतं. मुलांच्या हातात ते जाता कामा नये. स्वयंपाकघरातलं धान्यच घ्यावं. धोका आहे म्हणून उद्योग बंद करणं हे बेजबाबदार माणसाचं उत्तर आहे. वस्तू निवडून देणं, संख्या मोजून देणं, खेळ संपल्यावर मोजून परत घेणं हे बाईचं काम आहे. आणि परत मोजून ठेवणं हाही गणिताचाच तास आहे.

आता खरी जड हरकत. एका बाईकडे तीस मुलं. त्यातून अंगणवाडी असेल तर सेविकेला आहार, वजन-उंची, लसीकरणाच्या याद्या, गृहभेटी, मोबाईलवर पोषण ट्रॅकरची नोंद. तिने गट कधी करायचे? हे म्हणणाऱ्या सेविकेपुढे मी हात जोडतो, कारण ती खोटं बोलत नाही. बालशिक्षणावर भाषण देणारे बहुतेक लोक तिच्या जागी एक आठवडा टिकणार नाहीत. पण यातून निघणारा निष्कर्ष मला मान्य नाही. तीस मुलांना एकत्र बसवून पाटी गिरवायला लावणं सोपं दिसतं, प्रत्यक्षात पहिल्या दहा मिनिटांनंतर त्यातली वीस मुलं चुळबुळ करत असतात आणि बाईंचा सगळा वेळ "हाताची घडी, तोंडावर बोट" करण्यात जातो. त्याऐवजी पाच-सहा जणांचे पाच गट. चार गट असे उद्योग करतात जे मुलांना आपले आपण जमतात, म्हणजे माती, मणी, ठोकळे, झाकणांची जुळणी. पाचव्या गटाजवळ बाई बसतात आणि तिथे मोसंबी किंवा चुंबक असतो. दुसऱ्या दिवशी गट बदलतो. आठवड्यात प्रत्येक मुलाला एकदा तरी बाई अर्धा तास पूर्ण मिळतात. रांगेच्या वर्गात वर्षभरात मिळत नाहीत एवढ्या. पहिले पंधरा दिवस गोंधळ होतो, हे खरं. मुलांना वस्तू जागेवर ठेवायची सवय लागेपर्यंत बाईंचा घसा बसतो. त्या पंधरा दिवसांत पर्यवेक्षिका तपासणीला आली आणि "वर्गात शिस्त नाही" असा शेरा मारून गेली की सगळं मुसळ केरात. म्हणून सुधारणा व्हायची असेल तर ती तपासणी करणाऱ्यांपासून व्हायला हवी.

शेवटचा मुद्दा अभ्यासू विरोधकाचा. खेळाने शाळेचं गणित सुधारतं याला पुरावा काय? असा प्रश्न विचारणाऱ्याकडे एक चांगला पुरावा विरुद्ध बाजूचा आहे, तो मीच देतो. दिल्लीत 'प्रथम' संस्थेच्या 214 बालवाड्यांमधल्या 1,540 मुलांवर एक प्रयोग झाला. एस्थर डफ्लो आणि एलिझाबेथ स्पेल्की या संशोधक त्यात होत्या, 2017 मध्ये तो 'सायन्स' या संशोधनपत्रिकेत छापून आला. काही बालवाड्यांत चार महिने गटाने खेळायचे गणिती खेळ घेतले. कमी-जास्त ओळखणं, आकार ओळखणं, यात ती मुलं पुढे गेली आणि ही आघाडी वर्षानंतरही टिकली. पण पहिलीत गेल्यावर आकडे आणि चिन्हांच्या गणितात ती इतरांपेक्षा पुढे नव्हती. वहीवाले म्हणतील, बघा! मी म्हणतो, पूर्ण बघा. खेळाने समज दिली, पण त्या समजेचा आणि फळ्यावरच्या 5 या चिन्हाचा सांधा कुणी जोडून दिला नाही. 2025 मध्ये 'नेचर'मध्ये आलेला दुसरा अभ्यास हेच उलट्या टोकाने दाखवतो : कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात विक्रीला बसणारी मुलं गिऱ्हाइकाचा हिशेब तोंडी चटकन करतात आणि कागदावरच्या तशाच गणिताला अडखळतात, आणि शाळेत गणित सोडवणारी मुलं बाजारातल्या हिशेबाला अडखळतात. म्हणजे नुसती वही पुरत नाही हे सिद्धच आहे. नुसता खेळही पुरत नाही, हे मला मान्य आहे. परातीतल्या अकरा फोडी मोजून झाल्यावर पाच-सहा वर्षांच्या मुलांनी पाटीवर अकरा रेघा ओढाव्यात, शेजारी बाईंनी 11 लिहावं, आणि मग तो आकडा मुलांनी मातीत बोटाने काढावा. आकडा शेवटी यावा, वस्तूचा हात धरून यावा. माझा विरोध आकड्याला नाही, आकडा आधी आणून वस्तू हाकलून देण्याला आहे.

आणि दूरचा हिशेब मांडायचा असेल तर अमेरिकेत मिशिगन राज्यात 1967 मध्ये सुरू झालेला एक अभ्यास आहे. गरीब घरातली 68 मुलं तीन प्रकारच्या बालवाड्यांत वाटली : एकीत शिक्षकाने पाठ्यक्रम थेट घोटून घ्यायचा, उरलेल्या दोहोंत मुलांनी बेत ठरवून किंवा मोकळं खेळून शिकायचं. सुरुवातीला बुद्ध्यंक तिन्हीकडे वाढला. पुढे शालेय गुणांतही लक्षणीय फरक राहिला नाही. फरक दिसला तो मोठेपणी वागण्यात, तेविसाव्या वर्षी अटका आणि भांडणांच्या नोंदींत, आणि तो घोटून घेतलेल्या गटाच्या विरुद्ध होता. 68 ही संख्या लहान आहे, त्यावर फार मोठा इमला चढवू नये. पण घोटून घेतल्याने पुढे फायदा होतो, असं म्हणणाऱ्यांनी निदान एवढा तरी पुरावा मांडावा.

इथे आपल्या बाजूच्या लोकांनाही चार शब्द सुनावले पाहिजेत, कारण पालकांचा अविश्वास पोसण्यात त्यांचाही हात आहे. आजकाल 'अ‍ॅक्टिव्हिटी'च्या नावाखाली खाजगी बालवाड्यांत जे चालतं, ते बघून माझाही संयम सुटतो. पिवळा दिवस आला की आईने पिवळा ड्रेस शोधायचा, फळांचा दिवस आला की मुलाला थर्माकोलचा आंबा बनवून उभं करायचं, मोरपीस बाईंनी कापायचं, बाईंनी चिकटवायचं, मुलाने हातात धरून फोटो काढायचा आणि संध्याकाळी तो पालकांच्या ग्रुपवर टाकायचा. यात मुलाच्या हाताने काहीच केलेलं नसतं. फोटोसाठी उभं राहणं एवढाच त्याचा सहभाग. पालक म्हणतात, असला खेळ करण्यापेक्षा वही बरी. आणि या एका बाबतीत ते चुकीचं बोलत नाहीत. खऱ्या उद्योगाची ओळख साधी आहे. मुलांच्या हातून काहीतरी सांडलेलं असतं, तीस मुलांच्या तीस वस्तू तीस प्रकारच्या निघालेल्या असतात, आणि पुढे काय होणार हे बाईंनाही नक्की ठाऊक नसतं. सगळी फुलपाखरं एकसारखी निघाली, तर ती बाईंनी केलेली आहेत.

आता खर्च. झाकणं, कोयी, माती, परात, दोन किलो धान्य, मोसंबी, चुंबक, जुनी सतरंजी. वर्कबुकांच्या एका संचाच्या किमतीत सगळा वर्ग उभा राहतो. महाग आहे ते माणूस. बालवाडीला दुसरी हाताखालची बाई मिळाली तर वर सांगितलेले पाच गट पहिल्या महिन्यापासून चालतात, आणि तेवढ्यापुरती तरी मी एमआयडीसीच्या कारखानदारांची जबाबदारी धरतो. कारखाने कायदा 1948 नुसार तीसपेक्षा जास्त स्त्री-कामगार असतील तिथे पाळणाघर ठेवावं लागायचं. सळईच्या मिलमध्ये भट्टीवर पुरुषच, त्यामुळे तिथे हा नियम कधी लागूच पडला नाही; जणू पुरुषांना मुलं नसतातच. 2017 मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. ठेकेदाराच्या हजेरीपुस्तकावर माणसं विभागून दाखवली की पन्नासाचा आकडाही चुकवता येतो, हे इथे कुणाला शिकवायला नको. दिल्लीत 1969 मध्ये मीरा महादेवन यांनी बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी 'मोबाईल क्रेश', म्हणजे फिरतं पाळणाघर, सुरू केलं, ते काम पुण्यातही पोहोचलं. बांधकामाच्या जागेवर, विटा-सिमेंटच्या शेजारी, बालवाडी चालू शकते हे तिथे दिसलं. एमआयडीसीत तर भिंती, छप्पर आणि वीज आधीच आहे.

म्हणून मागणी नेमकी करतो. दोन-तीन कारखान्यांनी मिळून शेजारच्या एका अंगणवाडीला किंवा बालवाडीला एक प्रशिक्षित मदतनीस द्यावी. मुलं कंपनीच्या माणसाची की ठेकेदाराच्या, हे न विचारता. पर्यवेक्षिकांनी शेरा मारताना भरलेल्या वह्या न मोजता गट किती बसले ते मोजावं. पालकांनी प्रवेशाच्या वेळी मुलाची वही कधी सुरू होईल, याऐवजी विचारावं की वर्गात मुलांच्या हाताला लागेल अशा उंचीवर काय काय ठेवलंय. मिलच्या फाटकातून भंगाराचा जो ट्रक आत जातो, तशा एकाच ट्रकच्या किमतीत त्या मदतनिसाचं वर्षाचं मानधन निघून वर पैसे उरतील. हे परवडत नाही असं ज्यांना म्हणायचं असेल त्यांनी आधी आपला हिशेब कागदावर मांडावा. पुढचा वाद मी त्या आकड्यांवर घालायला तयार आहे.